पाटी व्यवस्थापनाची, काम खिडकीवरचं

वर्षाला १ लाख १७ हजार ९६० डॉलर. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने मे २०२४ साठी ‘वैद्यकीय व आरोग्यसेवा व्यवस्थापक’ या वर्गाचा मध्यक पगार एवढा दिला आहे. म्हणजे या कामातल्या निम्म्या लोकांना याहून जास्त मिळतात, निम्म्यांना कमी. हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीची जाहिरात उघडली की हा आकडा किंवा याचा भाऊबंद बहुतेक वेळा पहिल्याच पानावर दिसतो. आकडा खोटा नाही. तो ज्यांचा आहे ती माणसं मात्र वेगळी आहेत. त्याच सरकारी पानावर दोन ओळी खाली लिहिलेलं असतं की या कामासाठी साधारणपणे चार वर्षांची पदवी लागते, आणि कित्येक ठिकाणी वर मास्टर्स. जाहिरात त्या दोन ओळींच्या अलीकडेच थांबते.

मी न्यू जर्सीत एका रुग्णालयाच्या बिलिंग खात्यात काम करते. आमच्याकडे नवी माणसं येतात त्यांतली बरीच ही डिग्री घेऊन येतात, आणि आपल्या मराठी मंडळींच्या घरगुती जमावांतही हा विषय हमखास निघतो, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कुणाला तरी कुणीतरी हा कोर्स सुचवलेलाच असतो. माझं मत आधीच सांगून टाकते. या डिग्रीची किंमत कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज, घेतं तेवढीच आहे, त्यावर एक डॉलरही नाही. आणि तेवढीसुद्धा विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ नये, जे रुग्णालय ती मागतं त्याने ती भरावी.

दोन वर्षं झाल्यावर नोकरी कसली लागते? नोंदणीच्या खिडकीवरची, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या पुढच्या टेबलावरची, विमा तपासणीची, बिलिंगची, रेकॉर्डची. मेडिकल सेक्रेटरी आणि प्रशासकीय साहाय्यक या वर्गाचा देशातला मध्यक पगार मे २०२३ मध्ये वर्षाला ४० हजारांच्या आसपास होता आणि सरकारच्याच मते त्याला हायस्कूल पुरतं. मेडिकल रेकॉर्ड्सवाल्यांचा मे २०२४ चा मध्यक ५० हजार २५०, आणि त्यालाही डिग्रीची नव्हे, हायस्कूलनंतरच्या एखाद्या प्रमाणपत्राची गरज धरलेली आहे. ४० हजार म्हणजे ताशी १९ डॉलर. न्यू जर्सी टर्नपाइकच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅमेझॉनची गोदामं आहेत; त्या कंपनीने २०२४ मध्ये आपल्या गोदामातला सरासरी मूळ पगार ताशी २२ डॉलरच्या वर असल्याचं जाहीर केलं होतं. गोदामातलं काम पाठ मोडतं, खिडकीवरचं मोडत नाही, हा फरक मी कमी लेखत नाही. पण दोन वर्षं शिकून ताशी तीन डॉलर कमी मिळत असतील तर जाहिरातीत ते कुठे तरी यायला हवं.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा कामाला शिक्षण कशाला? तसं मात्र अजिबात नाही. हे काम बाहेरून वाटतं तितकं हलकं नसतं. एक केस सांगते. गुडघेदुखीच्या रुग्णाचा एमआरआय झाला. डॉक्टरांच्या दवाखान्याने विमा कंपनीकडून परवानगी घेतली होती कोड ७३७२१ ची, म्हणजे खालच्या अवयवाच्या सांध्याचा, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता. मशीनवर घेतल्यावर रेडिओलॉजिस्टला काहीतरी शंका आली, इंजेक्शन देऊन पुन्हा चित्रं घेतली गेली, आणि बिल निघालं ७३७२३ चं. विमा कंपनीने ते सीओ-१९७ लावून परत पाठवलं: पूर्वपरवानगी नाही. आता बिलिंगवालीच्या यादीत ही ओळ येते. तिला आधी हे ओळखायचं असतं की परवानगी नव्हतीच असं नाही, ती वेगळ्या कोडची आहे. मग दवाखान्यात फोन, मग रेडिओलॉजिस्टच्या अहवालात इंजेक्शन का द्यावं लागलं त्याचं वाक्य सापडतं का ते बघणं, मग विमा कंपनीच्या फोनवर संगीत ऐकत बसणं, मग मागाहून परवानगी मिळते का याची विचारणा, ती नाकारली तर अपील. आणि हे सगळं मुदतीत. मुदत हुकली तर पुढचा शेरा सीओ-२९, त्यावर सहसा इलाज नसतो. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, बिलासाठी एक वर्ष देतं. खाजगी कंपन्या कित्येकदा ९० किंवा १८० दिवसच. एवढं करून कुणी जागं राहिलं नाही, तर हजार-दीड हजाराचं ते बिल एक तर रुग्णालयाच्या खात्यात बुडतं, नाही तर फिरून रुग्णाच्या घरी जातं.

हे कुठे शिकतात? माझ्या शेजारच्या टेबलावर हायस्कूलनंतर थेट लागलेली एक बाई आहे. नवीन आलेली प्रत्येक डिग्रीवाली, मीसुद्धा, तिच्याकडेच शिकली. डिग्रीत वैद्यकीय परिभाषा येते, शरीररचना येते, रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा १९९६ चा हिपा कायदा येतो, थोडा आरोग्य कायदा, थोडा हिशेब, थोडी संख्याशास्त्राची ओळख, इंग्रजी लेखनाचे दोन पेपर. यातली परिभाषा खरोखर उपयोगी पडते. ‘ऑस्टिओ’ (हाड) आणि ‘आर्थ्रो’ (सांधा) यांतला फरक न कळणाऱ्याला या कामात पहिले सहा महिने अंधारातच काढावे लागतात. लेखनाचे पेपरही वाया जात नाहीत, अपिलाचं पत्र नीट लिहिता येणं ही मोठी गोष्ट आहे. बाकी विमा कंपन्यांचे नियम दर तिमाहीला बदलतात, आणि पुस्तक छापून येईपर्यंत ते शिळे झालेले असतात. म्हणजे चांगल्यात चांगला कोर्स घेतला तरी काम येतं टेबलावरच. डिग्री टेबलापर्यंत आणून सोडते. या आणून सोडण्याचे किती पैसे द्यायचे, हा खरा प्रश्न.

इथे जाहिरातवाले दुसरं पान उलटतात. ‘असोसिएट डिग्रीवाले हायस्कूलवाल्यांपेक्षा जास्त कमावतात.’ बरोबर आहे. २०२४ च्या सरकारी आकड्यांत पूर्णवेळ काम करणाऱ्या हायस्कूलवाल्याचा आठवड्याचा मध्यक पगार ९३० डॉलर आहे, असोसिएटवाल्याचा १,०९९. आठवड्याला १६९ म्हणजे वर्षाला पावणेनऊ हजारांच्या घरात. पण या १,०९९ मध्ये कोण कोण बसलं आहे ते पाहावं. दोन वर्षांच्या डिग्रीवर परीक्षा देऊन झालेल्या नर्सेस त्यात आहेत. नोंदणीकृत नर्सचा मध्यक पगार ९३ हजार ६०० आहे. दातांच्या दवाखान्यातले हायजीनिस्ट त्यात आहेत, त्यांचा ९४ हजारांवर. एक्स-रे, सोनोग्राफीवाले आहेत. या सगळ्यांच्या डिग्रीमागे राज्याचा परवाना किंवा मान्यताप्राप्त परीक्षा आहे; ती पास झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते काम सहसा मिळत नाही. हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मागे असं काहीच नाही. तुम्ही डिग्री घेऊन ज्या टेबलावर बसणार त्याच टेबलावर डिग्री नसलेलीही बसू शकते, आणि बसलेली असते. नर्सच्या पगाराने वर गेलेला आकडा प्रशासनाच्या कोर्सचा म्हणून दाखवणं, ही या सगळ्या व्यवहारातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे, कारण त्यात खोटं असं एकही वाक्य नसतं.

आता खर्च. सरकारी कम्युनिटी कॉलेजात स्थानिक विद्यार्थ्याला २०२४-२५ मध्ये देशभराची सरासरी वार्षिक फी ४,०५० डॉलर होती. कॅलिफोर्नियात तर एका युनिटला ४६ डॉलर, ६० युनिटांची डिग्री २,७६० मध्ये. न्यू जर्सीत घरचं उत्पन्न ६५ हजारांच्या आत असेल तर इतर अनुदानांतून न भागलेली फी राज्याचं अनुदान भरून टाकतं. त्याआधी लागतं ते गरजू विद्यार्थ्यांसाठीचं केंद्राचं पेल अनुदान, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५. म्हणजे गरीब घरच्या नागरिक विद्यार्थ्याला फी भागून पुस्तकांना आणि बसभाड्याला पैसे उरतात. एवढ्या किमतीला ही डिग्री घेतलेल्याला मी नावं ठेवणार नाही. वर्षाला पावणेनऊ हजार सोडा, तीन हजार जरी जास्त मिळाले तरी तीन-चार वर्षांत वसूल.

नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी संस्थांत याच अभ्यासक्रमाला वर्षाला १५ हजार आणि वर लागतात. परिभाषा तीच, शरीररचना तीच. पेल तिथे आधी संपतं (आयुष्यात एकूण बारा सत्रांपुरतंच ते मिळतं, हे भरती करणारा सांगत नाही), मग कर्ज. घरच्यांवर अवलंबून नसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन वर्षांत सरकारी कर्ज २० हजारांपर्यंत मिळतं. साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सव्वादोनशेच्या वर हप्ता. ताशी १९ डॉलर कमावणाऱ्या, मूल सांभाळणाऱ्या बाईच्या हातून महिन्याला सव्वादोनशे दहा वर्षं जाणार, आणि शेजारी बसलेल्या हायस्कूलवालीचे ते वाचणार. याला गुंतवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यात कुणी एखाद-दुसरा लबाड निघाला म्हणून हे बोलत नाही. कोरिंथियन कॉलेजेस ही कंपनी ‘एव्हरेस्ट’ या नावाने देशभर शाखा चालवायची, मेडिकल असिस्टंट आणि मेडिकल बिलिंगचे कोर्स तिच्या धंद्याचा मोठा भाग होते. नोकरी लागण्याचे फुगवलेले आकडे दाखवल्याबद्दल कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये तिला कोर्टात खेचलं, एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने उरलेल्या शाखांना एका झटक्यात कुलूप लावलं आणि सोळा हजारांच्या आसपास विद्यार्थी कोर्सच्या मध्यावर रस्त्यावर आले. जून २०२२ मध्ये केंद्राने तिच्या ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. माफ केलं म्हणजे करदात्यांनी भरलं. त्या पैशांत कम्युनिटी कॉलेजच्या फीने किती लाख लोकांची दोन वर्षं निघाली असती ते ज्याने त्याने भागून पाहावं. मला तर हा भागाकार करताना रागच येतो.

बरं, ‘ही फक्त पहिली पायरी, पुढे चार वर्षांची पदवी करू’ असं म्हणणारे बरेच असतात. हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार आहे, म्हणून जरा थांबून बघू. १ लाख १७ हजारांच्या खुर्चीकडे जाणारा रस्ता खरोखर इथूनच जाऊ शकतो: दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षं राज्य विद्यापीठ, काही वर्षं काम, मग मास्टर्स. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्या शंभरांपैकी तिसेक-बत्तीसच चार वर्षांच्या कॉलेजात पोचतात आणि सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणारे फक्त सोळा. पोचलेल्यांचेही श्रेयांक (क्रेडिट्स) गळतात. केंद्राच्या लेखा कार्यालयाने २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार कॉलेज बदलणाऱ्याचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी धरले गेले नव्हते. म्हणजे दोन वर्षांतलं जवळपास एक वर्ष पुन्हा.

यातला बराचसा घोटाळा डिग्रीच्या प्रकारात असतो. असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्स घेतली तर न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यामुळे राज्याच्या विद्यापीठांना ती पूर्ण धरावी लागते. ‘अप्लाइड सायन्स’ असा शब्द मध्ये आला की हे संरक्षण संपलं, कारण ती थेट नोकरीसाठी आखलेली डिग्री समजली जाते. आणि हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे कितीतरी कोर्स याच अप्लाइड वर्गात मोडतात. प्रवेश घेताना समुपदेशकाला विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हे, हा. तुमच्या राज्याचं कुठलं विद्यापीठ हे सगळे श्रेयांक घेईल ते लेखी मागा. लेखी मिळत नसेल तर ‘पहिली पायरी’ म्हणून कोर्स घेऊ नका.

एक दार मात्र खरं उघडतं. हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट किंवा टेक्नॉलॉजी या नावाचा शेजारचाच कोर्स असतो. तो सीएएचआयआयएम या संस्थेने मान्य केलेला असेल तर शेवटी आरएचआयटी ही आरोग्य नोंदींच्या तंत्रज्ञांची परीक्षा देता येते, आणि ती देण्यासाठी तशी असोसिएट डिग्री लागतेच. आरोग्य माहिती तंत्रज्ञ आणि रजिस्ट्रार या वर्गाचा मध्यक पगार साठ हजारांच्या वर आहे. हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या डिग्रीवर त्या परीक्षेला बसता येत नाही. एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर, एकाच फीत हे दोन कोर्स चालतात आणि विद्यार्थी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ला भुलून चुकीच्या दारात उभा राहतो. मी तर म्हणते, कम्युनिटी कॉलेजांनी दुसरा कोर्स असताना पहिला चालवूच नये.

तरीही आरएचआयटीवालीने निर्धास्त व्हावं अशी स्थिती नाही. बिलाला कोड लावण्याचं आणि थकलेल्या पैशासाठी विमा कंपन्यांना फोन करण्याचं काम गेली कित्येक वर्षं भारतात जातं आहे. चेन्नई, हैदराबाद आघाडीवर. पण आपल्याकडे ऐरोलीत नि पुण्यातही हजारो मुलं ‘एआर कॉलिंग’च्या, म्हणजे थकलेल्या बिलांसाठी फोन करण्याच्या, रात्रपाळीला बसतात. झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्मसी झालेली ही मुलं अमेरिकन कोडिंगची सीपीसी परीक्षा देतात, आणि ओहायोतल्या कम्युनिटी कॉलेजातून बाहेर पडणारी बाई ज्या कामाची वाट पाहत असते ते काम आदल्या रात्रीच उरकतात. माझा एआर कॉलिंग करणाऱ्या मुलांवर यत्किंचितही राग नाही. माझ्या यादीतल्या कितीतरी ओळींवर सकाळी त्यांच्याच टिपणी असतात, नि त्या बऱ्याचदा नेमक्या असतात. पण अमेरिकेतल्या डिग्रीचा हिशेब मांडताना हे धरलंच पाहिजे. त्यात आता कोड सुचवणारी सॉफ्टवेअरं आली. साध्या एक्स-रेचा कोड लावायला माणूस लागेल असे दिवस फार उरलेले नाहीत. उरणार आहे ते वर सांगितलेल्या गुडघ्यासारखं काम, जिथे अहवाल वाचून भांडावं लागतं. तेच नेमकं कोर्समध्ये शिकवलं जात नाही.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं, कारण त्यांचं गणित अगदीच निराळं आहे आणि सल्ला मात्र सगळे एकच देतात. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या मराठी बायकांत बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस, बी.फार्म. झालेल्या पुष्कळ. होमिओपॅथी-आयुर्वेदाच्या पदवीवर इथे डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. बीडीएसवालीला पुन्हा दोन-तीन वर्षं डेंटल स्कूल, त्याची फी ऐकून लोक खुर्ची धरतात. बी.फार्म.वालीची तर वेगळीच अडवणूक: २००३ पासून पुढे पास झालेल्या परदेशी फार्मासिस्टला पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपला चार वर्षांचा. मग कुणीतरी म्हणतं, ‘अगं, हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा दोन वर्षांचा कोर्स कर, हॉस्पिटलमध्ये चिकटशील.’

कशाला? तिच्याकडे पदवी आधीच आहे. ती इथल्या मूल्यांकन संस्थेकडून तपासून घेतली तर बहुधा चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाते. पुन्हा खालच्या वर्गात जाऊन बसायचं आणि तेही पूर्ण पैसे भरून, कारण पेल अनुदान एच-४ वाल्यांना मिळत नाही. तिने करायचंच असेल तर काही महिन्यांत होणारं कोडिंगचं प्रमाणपत्र करावं किंवा थेट मास्टर्सची चौकशी करावी. त्याच्याही आधी एक गोष्ट बघावी: कामाची परवानगी. २०१५ पासून एच-४ वाल्यांना ती मिळू शकते, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेला असेल तरच. तो टप्पा दूर असेल तर दोन वर्षांनी हातात डिग्री आणि दारात कुलूप, अशी अवस्था. घरात बसून वेळ जात नाही म्हणून शिकायचं असेल तर शिका, शिकण्यासारखी दुसरी मजा नाही. पण तेव्हा त्याला कमाईचं गणित चिकटवू नका.

माझ्या या सगळ्या हिशेबावर एक आक्षेप मला मान्य आहे. घरातली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी, दोन नोकऱ्या करून रात्री वर्गात येणारी आई, यांच्यासाठी ही डिग्री नुसता पगाराचा आकडा नसते. वर्गात बसता येतं, पेपर लिहिता येतो, आपल्यालाही जमतं, हे पहिल्यांदा कळणं याचं मोल मला ताशी डॉलरांत काढता येणार नाही. ते मी काढतही नाही. म्हणूनच माझा विरोध डिग्रीला नाही, तिच्या किमतीला आहे, आणि ती किंमत त्याच आईच्या डोक्यावर टाकण्याला आहे.

कारण ही डिग्री मागतं कोण? आमच्या खात्याच्या जाहिरातीत वीसेक वर्षांपूर्वी हायस्कूल लिहिलेलं असायचं, असं जुनी मंडळी सांगतात. आज ‘असोसिएट डिग्री असल्यास प्राधान्य’ असतं. काम बदललं हे खरं. २००९ च्या कायद्यानंतर कागदी फायली जाऊन संगणकावर नोंदी आल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये निदानाचे कोड आयसीडी-९ वरून आयसीडी-१० वर गेले आणि त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. पण तेव्हाही जुन्या माणसांना रुग्णालयाने स्वतःच्या खर्चाने शिकवलं, कुणाला कॉलेजात पाठवलं नाही. मग नव्या माणसाकडूनच दोन वर्षांचा कागद का? मला वाटतं, अर्जांचा ढीग चाळायला तो सोयीचा पडतो. चाळणी रुग्णालयाची, आणि तिची किंमत अर्जदाराने भरायची. सरकारांनी स्वतः ही सवय सोडायला सुरुवात केली आहे. मेरीलँडने २०२२ मध्ये हजारो सरकारी नोकऱ्यांवरची चार वर्षांच्या पदवीची अट काढली, पेनसिल्व्हेनियाने आणि आमच्या न्यू जर्सीने २०२३ मध्ये तीच वाट धरली. रुग्णालयांना हे का जमू नये?

अट काढायची नसेल तर पैसे भरा. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक कम्युनिटी रुग्णालयं ना-नफा आहेत आणि त्या बदल्यात आयकर, मालमत्ता कर यांतून सुटतात. समाजासाठी काय केलं याचा तक्ता त्यांना दरवर्षी आयकर खात्याला द्यावा लागतो. त्यात आरोग्य व्यवसायाच्या शिक्षणाचा रकाना आहे, तो प्रामुख्याने डॉक्टर-नर्सेसना डोळ्यासमोर ठेवून. त्यात टेबलावरच्या माणसांनाही जागा करावी. पैशांचा प्रश्न म्हणाल तर करकायद्याच्या १२७ व्या कलमाखाली मालक कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर वर्षाला ५,२५० डॉलर करमुक्त खर्च करू शकतो, आणि कम्युनिटी कॉलेजची २०२४-२५ ची सरासरी फी ४,०५०. सगळी फी त्यात बसून वर पुस्तकं निघतात. मोठ्या रुग्णालयांत ही योजना बहुधा असतेच. पण काही महिने नोकरी झाल्यावरच ती लागू होते, म्हणून डिग्री ही नोकरीची आधीची अट ठेवली की योजनेचा फायदा नेमका ज्याला हवा त्याला मिळत नाही. क्रम उलटा करा: हायस्कूलवर घ्या, टेबलावर बसवा, वर्षाने कॉलेजात पाठवा. ज्याला घाई आहे त्याने स्वतःहून हाच क्रम धरावा. खिडकीवरची नोकरी आधी, मुलाखतीत फीच्या योजनेची चौकशी, आणि मग कॉलेज.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या मोठ्या कायद्यात एक कलम आहे ज्याकडे आपल्या लोकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. १ जुलै २०२६ पासून ज्या पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी बाहेर पडून चार वर्षांनी त्या राज्यातल्या फक्त हायस्कूल झालेल्या, २५ ते ३४ वयाच्या कामकऱ्यांपेक्षा कमी कमावत असतील, आणि असं तीनांतल्या दोन वर्षी घडलं, त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद. मला हे कलम आवडलं, आणि ते अपुरंही वाटतं. कमाई हायस्कूलपेक्षा एका डॉलरने जास्त निघाली की कोर्स पास. फी चार हजार होती की चाळीस हजार, हे परीक्षेत विचारलंच जात नाही. त्याच तारखेपासून आठ ते पंधरा आठवड्यांच्या छोट्या कोर्सेसना पेल अनुदान देण्याची तरतूद आहे. म्हणजे नफेखोर संस्थांची नवी जाहिरात कशाची असेल ते सांगायला ज्योतिषी नको. त्या जाहिरातीत पगाराच्या आकड्याशेजारी, त्याच टायपात, तो आकडा कुठल्या शिक्षणाच्या माणसाचा आहे आणि कोर्सची एकूण फी किती हे छापण्याची सक्ती कायद्याने करावी. डब्यावर साखर किती ते छापायला लावणाऱ्या देशाला हे जड जाऊ नये.